ऑनलाइन चाचणीच्या वेळा: दार वेगळं, घड्याळ वेगळं

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. दुसऱ्या वर्षाला असलेली माझी एक विद्यार्थिनी होती, आवाज रडवेला. "सर, माझा पेपर आपोआप सबमिट झाला. पंचेचाळीस मिनिटांचा होता ना? मला वीसच मिनिटं मिळाली. अकरा प्रश्न राहिले."

मी मूडलवर, म्हणजे आमच्या ऑनलाइन अभ्यास-चाचण्यांच्या सॉफ्टवेअरवर, तिचा अटेम्प्ट (तिने दिलेला पेपर) उघडून पाहिला. सुरू केला 10 वाजून 40 मिनिटांनी, संपला बरोबर 11 ला. तिच्या वाडीवर रेंज नसते. ती एसटीने तालुक्याला आली, गाडी उशिरा पोचली आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या तिथल्याच बाकावर बसून तिने चाचणी सुरू केली. माझ्या सूचनेत लिहिलं होतं, "चाचणी सकाळी 10 ते 11 या वेळेत कधीही सुरू करता येईल. कालावधी 45 मिनिटं." ती माझ्या सूचनेप्रमाणे वागली, मूडल माझ्या सेटिंगप्रमाणे वागलं, आणि त्या दोन्हींचा एकमेकांशी मेळ नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती.

तिला त्याच दिवशी पुन्हा पूर्ण पंचेचाळीस मिनिटं देता आली. ती कशी, ते पुढे येईल. पण त्यानंतर मी आमच्या कॉलेजातल्या सगळ्या चाचण्यांच्या वेळा नीट तपासल्या, तेव्हा हाच घोळ आणखी बऱ्याच ठिकाणी दिसला. तो कुणाच्या निष्काळजीपणामुळे झालेला नव्हता. 'वेळ' हा एकच शब्द आपण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या प्रत्येकीचा रकाना वेगळा असतो, एवढंच त्यामागचं कारण. मी मूडलची उदाहरणं देतो, कारण ते मी रोज वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती 2002 मध्ये आली, आणि परवान्याचा खर्च नसल्यामुळे आपल्याकडच्या कॉलेजांनाही ते परवडतं. तुमचा प्लॅटफॉर्म दुसरा असेल तर रकान्यांची नावं बदलतील, पण अडचणी ह्याच असतील.

दार आणि घड्याळ

वर्गातल्या लेखी परीक्षेत सगळ्यांचं घड्याळ एकच असतं. घंटा झाली की सगळ्यांचा पेपर सुरू, शेवटची घंटा झाली की सगळ्यांचा बंद. अर्धा तास उशिरा आलेल्या मुलाचा अर्धा तास गेला, हे त्यालाही समोर दिसतं.

ऑनलाइन चाचणीत दोन गोष्टी सुट्या होतात. एक आहे दार. 'ओपन द क्विझ' आणि 'क्लोज द क्विझ' या दोन रकान्यांत आपण दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं ते सांगतो. दुसरं आहे प्रत्येक विद्यार्थ्याचं स्वतःचं घड्याळ. 'टाइम लिमिट' या रकान्यात 45 मिनिटं भरली, की ज्या क्षणी ती मुलगी 'अटेम्प्ट'वर बोट ठेवते त्या क्षणी तिच्यापुरतं 45 मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. शेजारच्या मुलाने दहा मिनिटं आधी सुरुवात केली असेल, तर त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं.

या दोघांची गाठ पडली की काय होतं? घड्याळात वेळ शिल्लक आहे पण दार बंद व्हायची वेळ झाली, तर दार जिंकतं. मूडल दोन वेळा काढतं: सुरुवातीची वेळ अधिक टाइम लिमिट ही एक, आणि क्लोजची वेळ ही दुसरी. यांतली जी आधी येईल तिथे पेपर संपतो. 10:40 अधिक 45 मिनिटं म्हणजे 11:25, क्लोज 11:00. आधी येतं 11:00. म्हणून वीस मिनिटं.

त्यामुळे वेळ लावताना सुरुवात शेवटाकडून करायची. आधी ठरवायचं, की शेवटच्या मुलाला कितीपर्यंत आत येऊ द्यायचं. समजा, 10:30 पर्यंत. त्यात पेपरचा कालावधी मिळवायचा, 45 मिनिटं. म्हणजे दार लागणार 11:15 ला. पाच मिनिटं वर धरून 11:20 लावलं तर उत्तम. आता 10:30 ला आत आलेल्या मुलालाही पूर्ण वेळ मिळतो. 10:40 ला येणाऱ्याला पाच मिनिटं कमी पडतील, आणि ते सूचनेत आधीच स्पष्ट लिहिता येतं.

मुलांच्या मनातले दोन गैरसमज इथेच दूर करायला हवेत. पहिला असा, की रेंज गेली किंवा ब्राउझर बंद केला की घड्याळ थांबतं. ते थांबत नाही. घड्याळ सर्व्हरवर चालू असतं, फोनवर दिसतो तो फक्त त्याचा हिशोब. फोनची वेळ मागे केली म्हणून जास्त मिनिटं मिळत नाहीत, आणि फोन बंद पडला म्हणून मिनिटं वाचतही नाहीत. पण याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. पान बदललं की उत्तरं सर्व्हरवर जातात, शिवाय मूडल मधूनमधून आपोआपही ती जतन करत असतं. रेंज गेली तर घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. परत लॉगिन केलं की तोच अटेम्प्ट पुढे चालू करता येतो. हे मुलांना पेपरच्या आदल्या दिवशी कळलेलं असलं, की त्यांची निम्मी भीती जाते. मी एका पानावर चार-पाच प्रश्नच ठेवतो, पान बदलण्याच्या निमित्ताने तेवढ्या वेळा उत्तरं पक्की होतात.

वेळ संपली, पण 'सबमिट' दाबलंच नाही

टाइम लिमिटच्या खाली एक रकाना असतो, ज्याकडे घाईत कुणाचं लक्ष जात नाही: वेळ संपल्यावर काय करायचं? पर्याय तीन. पहिला, जे लिहून झालंय ते आपोआप सबमिट. दुसरा, थोडी सवलतीची मुदत. तिच्यात नवीन उत्तर लिहिता येत नाही, पण सबमिटचं बटण दाबता येतं. तिसरा, वेळेच्या आत स्वतः सबमिट केलं तरच पेपर धरायचा, नाही तर धरायचाच नाही.

तिसरा पर्याय मी कधीच लावत नाही. ज्या मुलीने चाळीस मिनिटं बसून तीस प्रश्न सोडवले आणि शेवटच्या मिनिटाला जिची रेंज गेली, तिचे तीसही प्रश्न शून्य धरायचे, हे मला मान्य नाही. परीक्षा बटण दाबण्याची नसते. लेखी पेपरात पर्यवेक्षक उत्तरपत्रिका हातातून काढून घेतो; फाडून टाकत नाही. पहिला पर्याय त्याच्या सगळ्यात जवळचा आहे.

मात्र 'आपोआप सबमिट' यामागे एक काम लपलेलं असतं. मुलाचा ब्राउझर उघडा असेल तर वेळ संपताच त्याचं पानच सबमिट करून टाकतं. ब्राउझर बंद असेल, फोनची बॅटरी उतरलेली असेल, तर ते काम सर्व्हरला करावं लागतं. सर्व्हरवर ठरावीक वेळाने एक फेरी मारणारी यंत्रणा असते, तिला क्रॉन म्हणतात. शाळेचा शिपाई जसा तास संपल्यावर फेरी मारून उघडे राहिलेले वर्ग बंद करत जातो, तसं ती रेंगाळलेले अटेम्प्ट बंद करत जाते. मूडलचा सल्ला असा आहे, की क्रॉन दर मिनिटाला चालावी. काही ठिकाणी ती तासाने चालते, कुठे तर बंदच पडलेली असते आणि कुणाला पत्ताही नसतो. मग मुलांचे पेपर 'अपूर्ण' असेच लटकत राहतात, गुण दिसत नाहीत आणि शिक्षकाला वाटतं मुलांनी पेपर दिलाच नाही. तुमच्या सर्व्हरचं काम बघणाऱ्याला एकदा विचारा, "क्रॉन किती मिनिटांनी चालते?" त्याच्याकडे लगेच उत्तर असलं पाहिजे.

सगळ्यांना एकाच पंगतीला बसवायचं का?

2020 च्या ऑक्टोबरात आपल्या विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा झाल्या, बहुतेक ऑनलाइन आणि बहुपर्यायी. त्याआधी 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या परीक्षा व्हायलाच हव्यात हे मान्य केलं होतं आणि तयारीला हातात फार दिवस नव्हते. आपल्यापैकी अनेकांना पहिल्यांदा तेव्हा कळलं, की हजारो मुलांनी एकाच क्षणी एकाच दारातून आत यायचं म्हणजे काय.

हिशोब करून बघा. 600 मुलं आहेत, चाचणी 10 वाजता उघडते. सगळे 9:58 पासून पान ताजं करत बसलेले असतात. समजा, सगळे पहिल्या एका मिनिटात आत शिरले, तर दर सेकंदाला 10 जण. लॉगिन, कोर्सचं पान, क्विझचं पान, आणि मग अटेम्प्ट सुरू होणं, म्हणजे प्रत्येकाच्या नावाने सगळ्या प्रश्नांची नोंद तयार होणं. हे शेवटचं काम सर्व्हरला सगळ्यात जड जातं. तीच 600 मुलं वीस मिनिटांत पांगून आली, तर दोन सेकंदांना एक. छोट्या सर्व्हरलाही ते झेपतं.

लग्नात हे आपण न शिकता करतो. सहाशे पानं आहेत आणि मांडवात दीडशे माणसं बसतात, तर पंगती चार होतात. कुणी उपाशी जात नाही, वाढप्यांचीही धावपळ होत नाही. मूडलमध्ये पंगती म्हणजे ग्रुप. एकाच क्विझला प्रत्येक ग्रुपसाठी वेगळी उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ देता येते, त्याला 'ग्रुप ओव्हरराइड' म्हणतात. अ तुकडी 10 ला, ब तुकडी 10:20 ला, क तुकडी 10:40 ला. क्विझ एकच राहते, गुणपत्रक एकच राहतं.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो खोटा नाही: पहिल्या पंगतीतला मुलगा बाहेर आल्याबरोबर प्रश्न व्हॉट्सॲपवर टाकणार. त्याला उपाय प्रश्नपेढी. 30 प्रश्नांच्या चाचणीसाठी पेढीत 120 प्रश्न असले आणि प्रत्येकाला त्यांतले 30 कोणतेही आले, तर दोन मुलांमध्ये सरासरी सात-आठ प्रश्नच सारखे निघतात. (30 चा चौथा हिस्सा, साडेसात.) पर्यायांचा क्रमही बदलता येतो. प्रश्नपेढी बनवायला मेहनत लागते, पहिल्या वर्षी फार लागते. पण ती एकदा झाली की दरवर्षी उपयोगी पडते, आणि दार रुंद ठेवायची हिंमत तिच्यामुळे येते.

किती रुंद, हे चाचणी कशासाठी आहे त्यावर ठरवतो. दर आठवड्याची सरावाची चाचणी मी शुक्रवारी संध्याकाळी उघडतो आणि सोमवारी सकाळी बंद करतो. कारण आमच्याकडची मुलं. घरात चांगला फोन एकच, तो वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर जातो, संध्याकाळी घरी येतो, आणि मग त्यावर दोन भावंडांचा हक्क असतो. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते त्या आठवड्यात मोठा मुलगा रात्रभर शेतात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, असतो आणि सकाळी 10 ला तो झोपेने पेंगत असतो. त्याला शुक्रवार ते सोमवार यांतले कोणतेही पंचेचाळीस मिनिटं मिळाले तर तो मन लावून सोडवतो, हे मी पाहिलेलं आहे. ज्या परीक्षेवर सत्राचे गुण ठरतात तिचं दार अरुंद ठेवावंच लागतं, ते मी ठेवतो. पण प्रत्येक वीस गुणांच्या चाचणीला बोर्डाच्या परीक्षेसारखं कुलूप लावण्यात मला मुलांचं हित दिसत नाही.

रात्रीचे बारा कोणत्या तारखेचे?

असाइनमेंटच्या वेळांमध्ये सगळ्यात जास्त भांडणं एका वाक्यावरून होतात: "15 तारखेला रात्री 12 पर्यंत."

संगणकासाठी 15 तारीख 00:00 म्हणजे 15 तारखेची सुरुवात. आपल्या बोलीत जी 14 ची रात्र, तिचा मध्य. शिक्षक 15 तारीख निवडतो, तास 00 ठेवतो, आणि मुलांकडून पूर्ण एक दिवस काढून घेतला जातो. मुलं 15 ला संध्याकाळी फाइल चढवायला बसतात तर दार लागलेलं. आपल्या मनातला दिवस मध्यरात्री बदलतच नाही, तो उजाडल्यावर बदलतो. पंचांगातही दिवसाची तिथी सूर्योदयाची धरतात. कोजागरीला गच्चीवर रात्री बारा वाजता दूध पिताना, "आता दुसरी तारीख लागली" असं कुणी म्हणत नाही. मुलाचं चुकत नाही, आपलं वाक्यच दुटप्पी आहे.

म्हणून 00:00 आणि 12 हे दोन आकडे मी वेळापत्रकातून काढून टाकले. 23:55 लिहिलं की तारखेबद्दल शंका उरत नाही. त्याहून चांगलं, रात्री 9 ठेवा. नऊ वाजता फाइल चढली नाही तर मूल शिक्षकाला फोन करू शकतं. 23:50 ला कुणाला करणार?

असाइनमेंटला मूडलमध्ये एकच मुदत नसते. 'ड्यू डेट' ही अपेक्षेची तारीख. ती उलटल्यावरही काम देता येतं, फक्त त्यावर 'उशिरा' असा शिक्का बसतो. 'कट-ऑफ डेट' हे खरं कुलूप. त्यानंतर काही घेतलं जात नाही. बरेच जण दोन्ही ठिकाणी एकच वेळ भरतात, तेव्हा ड्यू डेटला काही अर्थच राहत नाही. मी ड्यू डेट मंगळवार रात्री 9 ठेवतो आणि कट-ऑफ बुधवार दुपारी 1. मधल्या सोळा तासांत ज्यांची वीज गेली होती, ज्यांचा डेटा संपला होता, त्यांचं काम येतं. त्यांना मला विनवणी करावी लागत नाही, आणि खरं कोण बोलतंय ते तपासत बसायचं माझ्यावर येत नाही. एखाद्याच्या घरी काही घडलं असेल, तर 'ग्रँट एक्स्टेन्शन'मधून त्याच्या एकट्याची मुदत वाढते, बाकीच्यांना ते दिसतही नाही.

मुदत न हलवता सवलत देण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती मला फार आवडते. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमात 12 आठवड्यांच्या कोर्सना 12 असाइनमेंट असतात, पण गुणांसाठी त्यांतल्या सर्वोत्तम 8 धरतात. मुदत पक्की, एक मिनिटही पुढे जात नाही. तरी आजारपण, घरचं लग्न, सुगी यांसाठी चार आठवडे आधीच बाजूला ठेवलेले. कारण सांगावं लागत नाही, पुरावा द्यावा लागत नाही. आपल्या चाचण्यांनाही हे सहज लागू करता येईल.

ज्याला जास्त वेळ लागतो त्याचा

दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत भरपाईचा वेळ देणं ही मेहरबानी नाही. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी, ज्यांना लेखनिक घेण्याची मुभा आहे त्यांना दर तासाला किमान 20 मिनिटं भरपाईचा वेळ द्यायला सांगितलं होतं. तीन तासांच्या पेपरला एक तास.

मूडलमध्ये हे 'युजर ओव्हरराइड'ने होतं. क्विझ उघडायची, ओव्हरराइडमध्ये जायचं, त्या विद्यार्थ्याचं नाव निवडायचं, आणि त्याच्यापुरता टाइम लिमिट बदलायचा. 45 मिनिटांच्या चाचणीला 60 मिनिटं. झालं असं वाटतं, पण झालेलं नसतं. दाराची वेळ तीच राहिली तर वाढवलेली पंधरा मिनिटं कागदावरच राहतात. दार 11:20 ला लागणार आणि मुलगा 10:30 ला बसला असेल, तर त्याला पन्नासच मिळतील. टाइम लिमिट वाढवला की क्लोजची वेळही तेवढीच पुढे न्यायची, दोन्ही एकाच फॉर्मवर असतात. मी आधी 60 भरतो, मग क्लोज बदलतो, मग त्या विद्यार्थ्याच्या नावापुढची ओळ पुन्हा एकदा वाचतो.

एसटी स्टँडवरच्या त्या मुलीलाही मी असाच युजर ओव्हरराइड दिला होता: अटेम्प्ट एकाऐवजी दोन, क्लोज त्याच दिवशी संध्याकाळी 6. दुपारी कॉलेजच्या वाचनालयात बसून तिने पेपर पूर्ण केला.

एकाच मुलाला ग्रुपचाही ओव्हरराइड असेल आणि स्वतःच्या नावाचाही, तर नावाचा चालतो. त्यामुळे तुकडीच्या वेळा नंतर बदलल्या, तर नावाने दिलेल्या सवलती हाताने बदलाव्या लागतात, त्या आपोआप सरकत नाहीत. हे विसरलं की नेमकं ज्याला जास्त वेळ हवा असतो त्याचंच दार आधी बंद होतं.

साडेपाच तासांचा घोळ

वेळ सर्व्हरवर कशी साठवली जाते हे कळलं की हा भाग सोपा होतो. मूडल '10 वाजता' असं काही साठवत नाही. 1 जानेवारी 1970 पासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती सेकंद झाले तो एकच आकडा साठवतं. दाखवताना मात्र ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमधल्या टाइम झोनप्रमाणे घड्याळाची वेळ करून दाखवतं. शिक्षकाने वेळ भरली तीही शिक्षकाच्या टाइम झोनप्रमाणे सेकंदांत बदलली जाते.

आता समजा, नवीन खातं उघडताना तुमच्या प्रोफाइलमध्ये टाइम झोन यूटीसी, म्हणजे तीच जागतिक प्रमाणवेळ, राहिला. तुम्ही 10:00 भरलं, तुम्हाला 10:00 च दिसतं, सगळं ठीक वाटतं. मुलांना मात्र 15:30 दिसतं, कारण आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे. चाचणी नेमकी साडेपाच तास उशिरा किंवा लवकर उघडत असेल, तर दुसरीकडे शोधू नका, आधी प्रोफाइल बघा.

परदेशातल्या मराठी मुलांना इथून शिकवणाऱ्यांना यात आणखी एक पेच पडतो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा आहेत, आणि पुण्या-नाशकात बसून ऑनलाइन मराठी शिकवणाऱ्या बायकाही मला माहीत आहेत. न्यू जर्सीतल्या मुलांचा वर्ग रविवारी आपल्या संध्याकाळी 7:30 ला असेल, तर हिवाळ्यात तिथे सकाळचे 9 वाजलेले असतात. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, आणि त्याच वर्गाला तिथे 10 वाजतात. मुलाचा पोहण्याचा क्लास 10 ला असतो, आणि मग तीन आठवडे निरोपानिरोपी चालते. 2026 मध्ये हा बदल 8 मार्चला आहे, आणि परतीचा 1 नोव्हेंबरला. इंग्लंडचा मात्र 29 मार्चला, म्हणजे दोन्हीकडची मुलं एका वर्गात असतील तर मधले तीन आठवडे त्यांच्यातलं अंतरही बदललेलं असतं. तारीखसुद्धा फसवते: आपल्या सोमवारी सकाळी 10 ला उघडणारी चाचणी हिवाळ्यात न्यू जर्सीत रविवारी रात्री 11:30 ला उघडते. सत्राच्या सुरुवातीलाच ठरवून टाकावं, की घड्याळ कुणाचं धरायचं. मुलं लहान असतील तर मुलांचं धरावं, आणि आपण आपला तास मागेपुढे करावा.

अटींची कुलपं

वेळेशिवाय दुसऱ्या अटीही लावता येतात: पहिला धडा पूर्ण झाला की दुसरा उघडेल, सरावात 40 टक्के पडले की पुढची चाचणी दिसेल. 'रिस्ट्रिक्ट ॲक्सेस'मध्ये हे सगळं आहे. अटीशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. ते उघडं ठेवलं तर मुलाला धडा फिकट दिसतो आणि खाली कारण लिहिलेलं येतं. मिटलेलं ठेवलं तर धडा आहे हेच त्याला कळत नाही. डोळा उघडाच ठेवा. दार का बंद आहे हे दारावर लिहिलेलं असलं, की मुलं फोन कमी करतात.

तारखेची 'पर्यंत' ही अट चालू क्विझवर लावू नका. क्विझचं दार क्लोजच्या रकान्यातूनच लावायचं, तिथे पेपर रीतसर जमा होतो. ही अट मात्र पेपर सोडवत असलेल्या मुलापुढून सगळी क्विझच काढून घेऊ शकते. आणि नोट्सवर तर ही अट मला मुळीच पटत नाही. परीक्षेआधी नोट्स बंद करून कुणाचंच भलं होत नाही.

कोर्सच्या सेटिंगमधली 'एंड डेट' उलटली की कोर्स बंद होतो, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. ती तारीख कोर्सला 'झालेल्या' यादीत टाकते, मुलं आत येतच राहतात. प्रवेश खरंच थांबवायचा असेल तर नावनोंदणीची मुदत संपवावी लागते किंवा कोर्स लपवावा लागतो.

चाचणीच्या आधी

शिक्षकाच्या खात्यातून सगळी दारं उघडी दिसतात, त्यामुळे तिथून तपासून उपयोग नाही. मी एक सरावाचा विद्यार्थी तयार करून ठेवलाय, त्याचं खातं प्रत्येक कोर्सला जोडलेलं आहे. चाचणीच्या दोन दिवस आधी त्या खात्याने, लॅपटॉपवर नाही तर फोनवर, लॉगिन करतो. उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ आणि कालावधी, मुलांना जे दिसणार ते तिथे दिसतं. मग त्याच आकड्यांवरून सूचना लिहितो. आधी सूचना आणि मग सेटिंग असा क्रम होता, तेव्हाच ते वीस मिनिटांचं प्रकरण झालं होतं.

आता आमच्या ग्रुपवर जाणारी सूचना अशी असते:

"शुक्रवारी चाचणी आहे. सकाळी 10 वाजता उघडेल. तुम्ही सुरू केल्यापासून 45 मिनिटं मिळतील. पूर्ण 45 मिनिटं हवी असतील तर 10:30 च्या आत सुरू करा. 11:20 ला चाचणी बंद होईल आणि जेवढं लिहिलं असेल तेवढं आपोआप जमा होईल. मध्येच रेंज गेली तर घाबरू नका, परत लॉगिन करा, लिहिलेली उत्तरं तिथेच असतील, पण घड्याळ चालू राहील. ज्यांना त्या वेळेत रेंज किंवा फोन मिळणार नाही, त्यांनी गुरुवारी संध्याकाळी 6 पर्यंत मला कळवा. कॉलेजच्या वाचनालयात तुमच्यासाठी सहा संगणक सुरू ठेवले आहेत, त्यांची वेळ दुपारी 2 ते 5."